सुरैया, कृत्तिका आणि दख्खनचे आकाश

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहावा. सुरैया, परवीन, जोहरा, नजमा, सितारा, कमर, सुहेल, तारिक, शम्सुद्दीन, बद्रुद्दीन. ही सगळी आकाशातली नावे आहेत. सुरैया हे अरबी नाव आणि परवीन हे फारसी, पण दोन्हींचा अर्थ एकच : कृत्तिका. जोहरा म्हणजे शुक्र. सुहेल म्हणजे ज्याला आपले शेतकरी अगस्ती म्हणतात तो दक्षिणेकडचा तेजस्वी तारा. बद्र म्हणजे पुनवेचा चंद्र. आमच्या जाफराबादेत एकाच गल्लीत कृत्तिका दोन नावांनी नांदतात आणि त्या एकच आहेत हे त्यांच्या आईबापांनाही बहुधा ठाऊक नसते.

आकाशाशी आपले नाते नवे नाही. ईदचा चाँद पाहायला गच्चीवर जमणारे आपण, आणि मृग लागला की तिफण बाहेर काढणारेही आपणच. चाँद हिजरीचा, मृग पंचांगाचा. मराठवाड्यातल्या मुसलमान शेतकऱ्याला ही दोन आकाशे कधी वेगळी वाटली नाहीत. परंतु चित्रकलेचा विषय निघाला की आपण गप्प होतो. ‘मुसलमानांचा आणि चित्रांचा काय संबंध?’ हा प्रश्न बाहेरचे विचारतात तसे आपलेही विचारतात. त्याला उत्तर देण्यासाठी आकाशाच्या चित्रांसारखा दुसरा चांगला विषय नाही, असे मला वाटते. कारण या चित्रांत आपला धर्म, आपले विज्ञान, आपले भ्रम आणि आपला प्रदेश, चारही एका पानावर आलेले आहेत.

अजिंठ्याची ‘राशिचक्राची लेणी’

सुरुवात घराजवळून करू. जाफराबाद खेळणा आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. पूर्णा येते ती अजिंठ्याच्या डोंगररांगेतून. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी जाफराबाद आणि अजिंठा एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते. आजही सरळ रेषेत मोजले तर लेणी आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत.

अजिंठ्याच्या सतराव्या लेणीच्या ओसरीत डाव्या बाजूला भिंतीवर एक मोठे वर्तुळ रंगवलेले आहे. चाकासारखे आरे, आऱ्यांच्या मधल्या खणांत माणसांची दृश्ये. आज त्याचा बराच भाग झडून गेला आहे. एकोणिसाव्या शतकात जे इंग्रज अधिकारी लेणी पाहायला आले त्यांनी हे चक्र पाहिले आणि ठरवून टाकले की हे राशिचक्र आहे. त्यावरून सतराव्या लेणीला ‘राशिचक्राची लेणी’ असे नावच पडले आणि जुन्या पुस्तकांतून ते चालत राहिले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की हे राशिचक्र नसून बौद्धांचे भवचक्र आहे. जन्म, मरण आणि पुनर्जन्माचा फेरा दाखवणारे.

ही चूक बोलकी आहे. पाहणाऱ्याच्या मनात जे आकाश आधीपासून भरलेले असते तेच त्याला भिंतीवर दिसते. वर्तुळात खण दिसले की युरोपातल्या माणसाला बारा राशी आठवल्या. आपल्या इतिहासाकडे पाहतानाही असेच होते. दख्खनमधल्या मुसलमान सुलतानांचे नाव घेतले की लोकांना तलवार आठवते. चित्र आठवत नाही.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांच्या चित्रकारांत बंगालचे नंदलाल बोस आणि असितकुमार हलदर होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हेही होते. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी अजिंठ्यावर जे ग्रंथ काढले ते १९३० ते १९५५ अशी पंचवीस वर्षे प्रसिद्ध होत राहिले. बुद्धाची चित्रे मशालीच्या उजेडात रेघ न् रेघ उतरवून घेणारे हे हात मुसलमानांचे होते. ‘चित्रांशी काय संबंध?’ याचे एक उत्तर इथेच मिळते.

हमामाच्या छतावरचे तारे

आता थोडे दूर जाऊ. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा नावाची एक छोटी वास्तू आहे. उमय्या घराण्यातला वलीद बिन यझीद खलिफा होण्यापूर्वी, म्हणजे इसवी सन ७२३ ते ७४३ च्या दरम्यान, ती बांधली गेली. तिच्यात एक हमाम आहे आणि त्या हमामाच्या घुमटाच्या आतल्या बाजूला रात्रीचे आकाश रंगवलेले आहे. सप्तर्षी, ध्रुवमत्स्य, राशींच्या आकृत्या. घुमटावर काढलेले आकाशाचे जगातले सर्वांत जुने शिल्लक राहिलेले चित्र म्हणून ते ओळखले जाते. पैगंबरांच्या निधनाला तेव्हा सुमारे शंभर वर्षेच झाली होती.

या चित्रात एक गंमत आहे. त्यातले तारकासमूह उलटे आहेत, आरशात दिसावेत तसे. अभ्यासकांच्या मते चित्रकाराने ते आकाशाकडे पाहून काढले नाहीत, तर एखाद्या खगोलावरून किंवा त्याच्या नकाशावरून उतरवून घेतले. खगोल म्हणजे आकाशाचा गोळा. आपण त्याच्याकडे बाहेरून पाहतो, म्हणून त्यावरचे तारे आपल्याला उलट्या क्रमाने दिसतात.

हा घोटाळा दोनशे वर्षांनी एका शास्त्रज्ञाने सोडवला. अब्दुर्रहमान अस्-सूफी. जन्म इसवी सन ९०३, गाव इराणमधले रय. इसवी सन ९६४ च्या सुमारास त्याने स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. ग्रीक शास्त्रज्ञ टॉलेमीने सांगितलेले ४८ तारकासमूह त्याने घेतले, त्यातल्या ताऱ्यांची जागा आणि तेज स्वतः पुन्हा तपासले आणि प्रत्येक समूहाची दोन चित्रे दिली. एक जमिनीवरून वर पाहताना दिसते तसे, दुसरे खगोलावर दिसते तसे. आकृतीच्या अंगावर ताऱ्यांचे ठिपके, शेजारी तक्ता. आज ज्याला देवयानी दीर्घिका म्हणतात तिची पहिली स्पष्ट नोंद याच ग्रंथात आहे. सूफीने तिला एक लहानसा ढग म्हटले आहे. पुढे शेकडो वर्षे चित्रकार या ग्रंथाच्या नकला करत राहिले. समरकंदच्या उलुगबेगसाठी केलेली एक सुंदर नक्कल आज पॅरिसमध्ये आहे.

म्हणजे या परंपरेत चित्र हे केवळ शोभेसाठी नव्हते. ते विज्ञानाचे हत्यार होते. मशिदीत किंवा कुरआनाच्या प्रतीत सजीवाचे चित्र येत नाही, ही मर्यादा सर्वांनी पाळली. पण कुतुबखान्यातले वैद्यक, प्राणिशास्त्र आणि ताऱ्यांचे ग्रंथ चित्रांशिवाय समजावून सांगता येत नसत, आणि तिथे मुसव्विराचा हात मोकळा होता. मराठीत सांगायचे तर भूमितीच्या पुस्तकातली आकृती जशी, तशीच ही चित्रे.

दौलताबादजवळची अपुरी वेधशाळा

हे आकाश आपल्या मुलखात कसे आले? समुद्राच्या वाटेने आले, असे म्हणता येईल. बहमनी सुलतान फिरोजशाह (१३९७ ते १४२२) याला खगोल आणि भूमितीचा नाद होता. इतिहासकार फरिश्ता सांगतो की तो स्वतः विद्यार्थ्यांना पाठ देत असे, आणि विद्वान माणसे आणि उत्तम वस्तू आणण्यासाठी दरवर्षी गोवा आणि चौल या बंदरांतून जहाजे पाठवत असे. चौल म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले.

या फिरोजशाहने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा उभारण्याचा हुकूम दिला. हकीम हसन गीलानी आणि सय्यद मुहम्मद काझरूनी यांच्याकडे ते काम होते. पण हकीम हसनचा मृत्यू झाला आणि बांधकाम अपुरेच राहिले. उलुगबेगची समरकंदची वेधशाळा उभी राहिली ती याच्यानंतर, आणि सवाई जयसिंगाच्या वेधशाळा तर तीनशे वर्षांनंतरच्या. मराठवाड्याच्या मातीत आकाश मोजण्याचा हा डाव मांडला गेला होता आणि तो मोडला. दौलताबादला जाणारे पर्यटक तोफ पाहतात, भुयार पाहतात. त्या अपुऱ्या वेधशाळेची आठवण कोणी काढत नाही.

नुजूम-उल-उलूम

दख्खनने आकाश मोजले नाही, पण रंगवले मात्र नक्की. बहमनी राज्य फुटून जी पाच राज्ये झाली त्यांत विजापूरची आदिलशाही एक. विजापूर आज कर्नाटकात आहे, पण सोलापूर, सातारा, कोल्हापूर आणि कोकण या मराठी मुलखाचा मोठा भाग त्या दरबाराखाली होता. इब्राहिम आदिलशाह पहिला याने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात केली आणि त्यामुळे मराठी कारकून दफ्तरात आले, हे सर्वज्ञात आहे. त्याचा मुलगा अली आदिलशाह पहिला (१५५८ ते १५८०). त्याची बेगम म्हणजे अहमदनगरच्या हुसेन निजामशाहची मुलगी चाँदबीबी.

या अलीच्या दरबारात १५७० मध्ये ‘नुजूम-उल-उलूम’ नावाची सचित्र पोथी तयार झाली. नावाचा अर्थ विद्यांचे तारे. मजकूर फारसी. हा ग्रंथ कोणी लिहिला यावर बराच काळ वाद होता. इतिहासकार एमा फ्लॅट यांनी २०११ मध्ये एका विस्तृत लेखात असे मांडले की कर्ता स्वतः अली आदिलशाह होता. पोथीत शेकडो लहान-मोठी चित्रे आहेत. ग्रह आहेत, राशी आहेत. हत्ती-घोड्यांची लक्षणे, शस्त्रे, तावीज आणि मंत्र आहेत. राजाला राज्य चालवण्यासाठी जे जे ज्ञान उपयोगी पडेल असे वाटले ते सारे त्यात गोळा केले आहे.

इस्लामी चित्रपरंपरेत ग्रहांना ठरलेली रूपे होती. मिर्रीख, म्हणजे मंगळ, हातात तलवार आणि कापलेले शिर घेतलेला शिपाई. जोहरा तंतुवाद्य वाजवणारी. उतारिद, म्हणजे बुध, लेखणी घेतलेला कातिब. मुश्तरी, म्हणजे गुरू, काजीसारखा विद्वान. जुहल, म्हणजे शनी, काळ्या वर्णाचा म्हातारा, अनेक हातांचा. राशीच्या चित्रात त्या राशीचा स्वामी ग्रहही दाखवत : मेंढ्यावर बसलेला मिर्रीख, सिंहाच्या पाठीमागून उगवणारा सूर्य. धनुर्धारी राशीच्या शेपटीच्या टोकाला अजगराचे तोंड असते. हा अजगर म्हणजे ग्रहणे घडवणारा. त्याचे डोके आणि शेपूट अशी दोन नावे अरबी ज्योतिषात येतात, आणि मराठी वाचकाला ती लगेच ओळखू येतील : राहू आणि केतू.

विजापूरच्या चित्रकाराने ही परंपरा घेतली, पण ती जशीच्या तशी ठेवली नाही. पोथीत ‘रूहानी’ नावाच्या शक्तींची शंभरावर चित्रे आहेत. रूहानी हा शब्द अरबी, पण चित्रातल्या आकृती पाहाव्यात तर आपल्या योगिनींच्या बहिणी. अनेक हात, हातात शस्त्रे, अंगावर दख्खनी लुगडे. त्यांची नावे संस्कृतातून आणि देशी बोलीतून आलेली, फक्त लिहिली आहेत फारसी लिपीत. याच पोथीतले सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे सात मजल्यांचे भरभराटीचे सिंहासन. प्रत्येक मजल्यावर वेगवेगळी माणसे आणि जनावरे, जणू सगळे जग एका मचाणावर रचलेले. ग्रीकांचे ग्रह, अरबांचे तक्ते, इराणची रेघ आणि दख्खनच्या देवता एकाच जिल्दीत बांधल्या गेल्या.

हे अपघाताने घडले नाही. रफीउद्दीन शिराझी हा अलीच्या दरबारातला माणूस. तो सांगतो की या सुलतानाच्या कुतुबखान्यात सुमारे साठ माणसे दिवसभर कामाला असत. त्यांत कातिब, सोनेरी वर्खाचे काम करणारे, जिल्दसाज आणि नक्काश होते. आणि या कुतुबखान्यावर एक हजार होन वार्षिक वेतनावर नेमलेल्या विद्वानाचे नाव होते शेष वामन पंडित. प्रा. पी. एम. जोशी यांनी १९५० च्या दशकात याविषयीचे दोन रुक्के प्रसिद्ध केले. शिया सुलतान, इराणी कारागीर आणि संस्कृतचा पंडित एका छताखाली बसत होते. त्यांनी काय बोलणे केले असेल याची कल्पना रूहानींच्या चित्रांवरून करता येते. अलीचा पुतण्या इब्राहिम दुसरा याने पुढे ‘किताब-ए-नौरस’मध्ये सरस्वतीला वंदन केले, त्याचे बी या कुतुबखान्यात रुजलेले होते.

अडचणीचा प्रश्न

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. या पोथीत भविष्य आहे, जादूटोणा आहे. ताऱ्यांवरून नशीब सांगणे आपल्या उलेमांनी वारंवार नाकारले. मग अशा ग्रंथाचा अभिमान बाळगावा का?

आपल्याकडे दोन शब्द होते, ते विसरता कामा नये. ‘इल्मे हैयत’ म्हणजे खगोलशास्त्र आणि ‘इल्मे नुजूम’ म्हणजे फलज्योतिष. पहिल्याची मशिदीला गरज होती. नमाजाची वेळ, किब्ल्याची दिशा, रमजानचा चाँद हे सारे गणितावर उभे होते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत वेळ सांगणारा मुवक्कित इब्न अश-शातिर हा चौदाव्या शतकातला थोर खगोलशास्त्रज्ञ होता. दुसरी विद्या राजेरजवाड्यांना हवी असायची. व्यवहारात मात्र दोन्ही कामे पुष्कळदा एकच माणूस करी. अल-बिरूनीसारख्या चिकित्सक पंडितानेही ज्योतिषावर पुस्तक लिहिले आणि त्याच वेळी त्याच्या दाव्यांवर शंकाही घेतल्या. युरोपात केप्लरही राजांसाठी कुंडल्या मांडत असे.

म्हणून मी म्हणतो, अभिमान भविष्याचा नको. शनीच्या चित्राने कोणाचे भले-बुरे होत नाही. अभिमान असलाच तर त्या पाहण्याचा असावा. शेजाऱ्याच्या आकाशात काय आहे हे जाणून घ्यायची इच्छा त्या सुलतानाला झाली आणि त्याने ते आपल्या पोथीत मानाच्या जागी बसवले. राजाला लढायांची कमतरता नव्हती. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरविरुद्ध तो होताच. त्याआधी त्याच विजयनगरशी त्याची मैत्रीही होती. त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. पण लढाईनंतर पाच वर्षांनी पूर्ण झालेली पोथी हरलेल्या मुलखातल्या देवतांना पानोपानी जागा देते, ही गोष्ट लढाईइतकीच इतिहासाची आहे. पाठ्यपुस्तकात मात्र लढाईच येते.

पोथ्या कुठे गेल्या

सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. साठ माणसांचा तो कुतुबखाना पांगला. असार महालात जे ग्रंथ उरले होते ते १८५३ च्या सुमारास इंग्रजांनी लंडनला हलवले. ‘नुजूम-उल-उलूम’ची ती १५७० ची प्रत अनेक हातांतून फिरत आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. सगळेच गेले असे नाही. निजामशाहीतला ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हा चाँदबीबीच्या आईबापांचे गुणगान करणारा सचित्र ग्रंथ पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाने सांभाळला आहे. तो ज्यांनी जपला त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

दख्खनी चित्रकलेवर स्टेला क्रामरिश यांनी १९३७ मध्ये लिहिले, मार्क झेब्रोव्स्की यांनी १९८३ मध्ये, डेबोरा हटन यांनी विजापूरवर २००६ मध्ये. सगळे इंग्रजीत. क्रामरिश यांचे पुस्तक निघाले तेव्हा आमचे जाफराबाद निजामाच्या राज्यात होते आणि त्या पुस्तकाला निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे साहाय्य होते. ज्या मुलखाच्या पैशातून हे ज्ञान उभे राहिले त्या मुलखाच्या बोलीत ते फारच थोडे उतरले. मुसलमान घरात ते नाही, कारण चित्र म्हटले की आपण दचकतो. मराठी शाळेत ते नाही, कारण सुलतान म्हटले की तिथे दचकतात. दोन्हीकडच्या दचकण्यात चारशे वर्षांची एक सुंदर गोष्ट बेवारस पडली आहे.

तिला वारस हवे असतील तर फार मोठा खर्च लागत नाही. चेस्टर बीटी ग्रंथालयाने आपल्या संग्रहातली चित्रे आंतरजालावर ठेवली आहेत. ती मोबाइलवर दिसतात. उर्दू शाळेतल्या आणि मराठी शाळेतल्या मास्तरांनी ठरवले तर एक तक्ता सहज होईल. एका रकान्यात कृत्तिका, दुसऱ्यात सुरैया, तिसऱ्यात परवीन. रोहिणीसमोर अद्-दबरान, म्हणजे सुरैयाच्या मागून येणारा. इंग्रजी पुस्तकातला अल्डेबरान तो हाच. श्रवणासमोर अल्टेअर, जे मुळात उडत्या गरुडाचे अरबी नाव. अगस्तीसमोर सुहेल. चंद्राचे मुक्काम भारतीयांनी २७ किंवा २८ मोजले, अरबांनी २८. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले की कृत्तिकांचा पुंजका साध्या डोळ्यांनी दिसतो. जाफराबादसारख्या गावात दिव्यांचा झगमगाट शहराइतका नाही, त्यामुळे ते अजून शक्य आहे. मुलांनी आधी ते पाहावे, मग कागदावर ठिपके मांडावेत, मग त्यांना हवी ती आकृती काढावी. सूफीच्या ग्रंथातही हाच क्रम आहे.

वर्गातल्या सुरैयाला आपल्या नावाचा अर्थ कळेल आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या कृत्तिकेलाही. दोघींनी मिळून एकच चित्र काढायचे आहे, हे मग त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.